कोपऱ्यातला चौकोन

प्रत्येक ड्रॉइंगला उजव्या हाताला, खाली,
एक चौकोन असतो.
त्यात काढणाऱ्याची आद्याक्षरं, तारीख,
आणि कितवी सुधारणा ते.
मी आलो तेव्हा तिथं रूलोफ होता.
एकतीस वर्षं जिने काढत होता तो,
शाळांचे, इस्पितळांचे, एका तुरुंगाचासुद्धा.

सहा आठवडे त्यानं मला शिकवलं.
पायरी किती उंच, कठडा कुठे वळवायचा,
म्हातारं माणूस तिसऱ्या पायरीवर
कसं थबकतं, आणि हाताला तिथं काय लागतं.
हे शेवटचं करारात नव्हतं.

मी म्हटलं, आमच्या वेंगुर्ल्यात तुमची वखार आहे,
शेकडो वर्षांची. छप्पर गेलंय, भिंतीतून झाडं आलीत.
त्याला ठाऊक नव्हतं.
"जिना शिल्लक आहे?" एवढंच विचारलं त्यानं.
मी स्कूटर काढली, बघून आलो.
सात पायऱ्या, पुढे नुसतं ऊन.

शेवटच्या दिवशी त्यानं कॅमेरा खिडकीकडे वळवला.
बर्फ होतं, आणि बर्फात एक सायकल.
काय बोलायचं अशा वेळी?
माझं इंग्रजी सगळं बँकेच्या पत्रातलं.
मी म्हटलं, नोंद घेतली आहे.

आता पडद्यावर थुई असते. दा नांगची.
ती किती पगार घेते, मी विचारलं नाही.
रूलोफनंही मला विचारलं नव्हतं.
परवा म्हणाली, तुझ्यामागे तो आवाज कसला?

डबा.
बागेत जीतबहादूर घर्ती माकडं हाकतोय.
एका आंब्यापुरता आला होता दैलेखहून,
नऊ आंबे झाले.
नाक्यावर म्हणतात, ह्येंनी आमची कामा खाल्ली.
रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन राखणीला
नाक्यावरचा एकही झील उठत नाही.
मीही नाही उठत. मी तेव्हा जिने काढत असतो.

त्याची सृजना पाचवीत आहे.
शाळेचा पट अठरा, त्यातले सात
घर्ती, बुढा आणि रोकाया.
ते नसते तर कुलूप कधीच लागलं असतं.
शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला ती माझ्याकडे आली,
वाडीत प्रिंटर माझ्याकडेच.
त्यातही एक चौकोन निघाला. मूळ गाव.
मी पेन धरून बसलो.
"हयलाच लिव ना रे काका," ती म्हणाली,
आणि माझ्या कोऱ्या कागदांवर
पेन्सिलीनं बकरी काढू लागली.

जत्रेत रवळनाथापुढे घाडी गाऱ्हाणं घालत होता.
जे कोण पोटापाण्याक भायर गेलेत,
मुंबयक, गोंयात, दुबयक,
तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!
व्हय म्हाराजा! आख्खं देऊळ.
मग त्याची नजर गर्दीत गेली,
जीतबहादूर केळ्यांची फणी धरून उभा.
आनि जे भायरसून आमच्यात इलेत, तेंकाय...
व्हय म्हाराजा.
मी आवाज मोजले. बारा-तेरा असतील,
माझा धरून.
माझा जरा उशिरा आला, खोटं कशाला बोला.

शुक्रवारी माझं लॉगिन बंद होईल.
काजूच्या कारखान्यात हिशेबाला माणूस हवाय म्हणे,
बिया तिथं आफ्रिकेतून येतात,
गोणीवर कुणाकुणाचे शिक्के.
बघू.

आज थुईला सगळं दाखवून झालं.
फाइली, रेषांच्या जाड्या, ते नेहमीचे तीन घोळ.
चौकोनात माझी अक्षरं पुसून तिची टाकायची
तर कर्सर लुकलुकत राहिला.
मग मी म्हटलं, थांब, एक राहिलं.
तिसरी पायरी.

ती लिहून घेत होती.
बाहेर डबा वाजत होता,
आज माकडं काही केल्या हटत नव्हती.